फ्रँकफर्टचे साडेचार तास

मुंबई ते फ्रँकफर्ट किती लांब आहे, असं कुणी माझ्यासमोर विचारलं की मी उठून बाहेर जातो. नाही गेलो तर हात उचलला जाईल, एवढी मला स्वतःची खात्री आहे. मागच्या वर्षी रावेतला एका गृहप्रवेशाच्या जेवणात आयटीतला एक माणूस ताट हातात घेऊन कौतुकानं सांगत होता, ‘‘अहो, साडेसहा हजार किलोमीटर आहे, पण नऊ तासांत पोचवतात. काहीच वाटत नाही.’’ मी हातातली वाटी टेबलावर इतक्या जोरात आपटली की आमटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. बायकोनं मला दंडाला धरून खाली नेलं. लिफ्टमध्ये ती एवढंच म्हणाली, ‘‘तुमचं काही खरं नाही.’’ तिला कारण माहीत होतं, म्हणून ती ओरडली नाही.

मी मारकुटा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बीडकडच्या गावात वडील शाळामास्तर होते आणि घरी-शाळेत एकाच छडीनं मारायचे. त्यांचा हात मला लागला आणि त्यांचा स्वभावही. पिंपरी-चिंचवडला आलो, आयटीआय केलं, चिखलीत खोली घेतली, लग्न केलं, तरी डोकं तापलं की तोंडाआधी हात चालायचा. कंपनीत मात्र हात चालवता येत नाही, म्हणून तिथं मी ओरडायचो. त्या ओरडण्यावर शेठ खूश होते. ‘‘ह्याच्यामुळं माल वेळेवर जातो,’’ असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मला ते फार गोड वाटायचं.

कंपनी म्हणजे चाकणजवळच्या निघोज्यातलं एक प्रेस शॉप. पत्र्याचं शेड, आत सहा प्रेस. प्रेस म्हणजे पत्रा कापणारी आणि वाकवणारी मशीन. वरून शंभर टनांच्या जोरानं डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली येतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट होऊन पडतो. मी तिथं डिस्पॅच बघायचो. कुठला माल, कुठल्या गाडीत, किती वाजता, हे सगळं माझ्याकडं. प्रेसला समोर दोन हिरवी बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं, मुद्दाम लांब लांब बसवलेली. दोन्ही एकदम दाबली तरच डाय खाली येतो. म्हणजे डाय पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, आत नसतात.

आता घाई असली की आमच्या ह्या पट्ट्यात काय करतात ते सांगतो. एका बटणाच्या फटीत लाकडाची पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलंच राहतं. मग एका हातानं दुसरं बटण मारायचं आणि दुसऱ्या हातानं माल घालायचा, काढायचा. मिनिटाला चार नग निघत असतील तर सात निघतात. तपासणीला कुणी येणार असलं की पाचर खिशात जाते आणि तो गेला की परत जागेवर येते. हे सगळ्यांना माहीत असतं, शेठला, सुपरवायझरला, ऑपरेटरच्या बायकोलासुद्धा. आमच्याकडं ह्याला कुणी गुन्हा म्हणत नव्हतं. मीही म्हणत नव्हतो.

आमचा सगळ्यात साफ हाताचा ऑपरेटर निघोज्याचाच होता. चाळिशीचा, सावकाश बोलणारा, गावातल्या जुन्या घरातला. जिथं आता कंपन्यांची गेटं आहेत तिथं त्याच्या लहानपणी त्यांचा कांदा असायचा, आणि ते तो कधी रडगाणं लावून नाही, तर बसस्टॉपचा पत्ता सांगावा तसं सांगायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला साहेब म्हणायचा. मी कितीही ओरडलो तरी तो, ‘‘व्हय साहेब, व्हतंय,’’ म्हणून मान खाली घालून नग काढत राहायचा.

थंडीचे दिवस होते. एका सोमवारी दुपारी जर्मनीच्या गिऱ्हाईकाचा मेल आला. आम्ही जहाजानं पाठवलेले ब्रॅकेट खाऱ्या हवेनं गंजले होते. बुधवारी सकाळी सहा वाजेपर्यंत नवीन नऊशे नग त्यांच्या गेटवर पोचले नाहीत तर त्यांची लाइन बंद पडणार होती. लाइन बंद पडली की आमचं नाव कायमचं कटणार होतं. नऊशे नग म्हणजे दोन बॅगा. असा माल माणसाच्या सामानातून विमानानं पाठवतात, त्याला आमच्या धंद्यात हँड कॅरी म्हणतात. माझ्याकडं पासपोर्ट होता आणि एका रद्द झालेल्या ट्रेनिंगसाठी काढलेला व्हिसा अजून चालू होता. तेवढ्या एका लायकीवर मी निवडला गेलो. विमानात मी तोवर कधी पाय ठेवला नव्हता.

शेठच्या केबिनमध्ये मी पांढऱ्या फळ्यावर उलटं गणित मांडलं. बुधवारी सहाला गेट. फ्रँकफर्टच्या विमानतळापासून गेटपर्यंत गाडीनं अडीच तास. विमान नऊ तास. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत मुंबई सोडायला पाहिजे. शेठनं मान डोलावली. ते काशीलासुद्धा रेल्वेनं गेलेले. आपल्याकडं दिवस असतो तेव्हा अमेरिकेत रात्र असते, हे मी शाळेत शिकलो होतो. वडिलांनीच शिकवलं होतं. पण मेलवर सहा लिहिलं होतं आणि भिंतीवरच्या घड्याळातही सहा होते. मी दोन्ही सहा एकच धरले.

चिंचवडच्या एका तिकीट एजन्सीला फोन लावला. बाई बोलत होती, आवाजावरून तरुण.

‘‘सर, उद्या दुपारी चारचं आहे आणि रात्री साडेआठचं आहे. साडेआठचं घ्या ना, तुमची धावपळ होणार नाही. रात्री एकला उतरतं.’’

‘‘मॅडम, विमानाला नऊ तास लागतात,’’ मी म्हणालो. ‘‘साडेआठ आणि नऊ किती होतात? पहाटेचे साडेपाच. एकला कसं उतरेल? मधीच खाली टाकतात का आम्हाला?’’

‘‘नाही सर, ते तिथल्या…’’

‘‘तुम्ही मला शिकवू नका. बेरीज येत नसली तर कशाला बसता फोनवर? चारचं काढा.’’

ती ‘‘ओके सर’’ म्हणाली आणि चारचं तिकीट काढलं. फोन ठेवून मी आणि शेठ हसलो. कसली माणसं भरतात राव, असं मी म्हणालो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

पत्रा मंगळवारी सकाळी सहाला आला. त्याआधी कुठं मिळत नव्हता. डाय बसवेपर्यंत साडेसात झाले. चारच्या विमानासाठी दहाला निघायलाच हवं होतं. तळेगावमार्गे एक्सप्रेसवे, पुढं मुंबईचं ट्रॅफिक. म्हणजे अडीच तासांत नऊशे नग. दोन्ही बटणांनी ते होणार नव्हतं.

ऑपरेटर प्रेससमोर उभा होता. मी हातात पाचर घेऊन गेलो तर तो म्हणाला, ‘‘साहेब, आज नगं पाचर. रातभर पोरीला ताप व्हता, डोळ्याला डोळा न्हाई. दोन हातानं मारतो, जमंल तेवढं लवकर मारतो.’’

‘‘जमेल तेवढं नको, नऊशे पाहिजेत,’’ मी ओरडलो. ‘‘झोप काय इथं काढणारेस? तुझ्या झोपेपायी कंपनी बंद करू का?’’ मग मी आईवरून शिवी दिली. ती त्याला दिली की वेळेला दिली, मला आठवत नाही, पण त्यानं ऐकली. शेडमध्ये सगळ्यांनी ऐकली. त्यानं हात पुढं केला नाही, म्हणून मीच हातोडी घेतली आणि पाचर ठोकली. दोन घाव घातले. मग त्याच्या पाठीला हात लावून त्याला मशीनकडं सरकवलं. सरकवलं असं मी पोलिसांना सांगितलं. खरं म्हणजे ढकललं.

तो चांगला चालला. मिनिटाला सात. मी शेजारी उभा राहून नग मोजत होतो आणि दर पाच मिनिटांनी आकडा ओरडत होतो. नऊला दहा कमी असताना मी ‘‘पाचशे साठ’’ म्हणालो आणि डाय पडला.

डाय पडल्याचा आवाज मी रोज हजारदा ऐकायचो. हा मऊ आला. तो ओरडला नाही, ओरडला तो शेजारच्या प्रेसवरचा माणूस. ऑपरेटर नुसता स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. डाय वर गेला होता आणि हात त्याच्यासमोर होता, पण तळव्याच्या पुढं काहीच नव्हतं. अंगठा तेवढा राहिला होता. मग रक्त सुटलं. ते माझ्या शर्टावर, मोजणीच्या वहीवर, तयार ब्रॅकेटच्या क्रेटमध्ये उडालं. तो मला म्हणाला, ‘‘साहेब, बोटं,’’ आणि खाली बसला. मी डायमध्ये वाकून बघितलं. जे होतं ते हातानं उचलता येण्यासारखं नव्हतं. मी पट्टीनं खरवडून पिशवीत घेतलं. चहावाल्याकडचा बर्फ त्यात घातला. कुणीतरी मागं ओकत होतं.

शेठनं त्याला स्वतःच्या गाडीत घातलं आणि भोसरीच्या एका हॉस्पिटलला नेलं. जाताना काच खाली करून ते मला म्हणाले, ‘‘तुझं विमान चुकवू नको.’’

तीनशे चाळीस नग राहिले होते. प्रेसवर कुणी बसायला तयार होईना. एक जण म्हणाला, नारळ फोडल्याशिवाय आता मशीनला हात लावायचा नाही. आमच्याकडं तशी रीतच आहे, मशीननं माणूस खाल्ला की आधी नारळ. मी नारळ आणवला, प्रेसच्या पायाशी फोडला, हळदकुंकू वाहिलं. चांगली पाच मिनिटं गेली त्यात. ज्याला आम्ही दोन हातांनी काम करायला वेळ दिला नाही, त्याच्या रक्तावर नारळ फोडायला आमच्याकडं वेळ होता. तरीही कुणी बसलं नाही. मग मी बसलो. पाचर काढली नाही. एका हातानं बटण, एका हातानं माल, तीनशे चाळीस. प्रत्येक नगाला वाटायचं, आता माझा हात जाईल, आणि खरं सांगतो, गेला तर बरं, असंही वाटायचं. गेला नाही. रक्त लागलेले नग मी चिंध्यांनी पुसले आणि त्याच बॅगेत टाकले. नाहीतर कमी पडले असते.

दहाला गाडी गेटबाहेर निघाली आणि समोर चार मोटारसायकली आडव्या लागल्या. ऑपरेटरचा थोरला भाऊ आणि गावातली पाच-सहा माणसं. पाचर कुणी ठोकली हे त्यांना शेडमधूनच कळलं होतं. पहिला दगड समोरच्या काचेवर आला. मग दार उघडून त्यांनी मला केसांना धरून बाहेर ओढलं.

‘‘ह्योच त्यो! ह्येनंच मारली पाचर!’’

थोरल्यानं मला मारलं ते आधी उघड्या हातानं, मग मुठीनं, मग पायातला बूट काढून. मी दोन्ही हात खाली ठेवले. भांडखोर माणूस असून मी हात उचलला नाही, ह्याचं मला स्वतःला नवल वाटलं. कपाळ फुटलं. एक दात ओठात घुसला. कुणीतरी बरगडीत लाथ घातली तेव्हा श्वासच येईना आणि मी रस्त्याच्या कडेला पडलो. तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. ऑपरेशनसाठी घरच्यांची सही हवी होती, हॉस्पिटल थांबलं होतं. तो माझ्यावर थुंकला, म्हणाला, ‘‘परत गावात दिसलास तर बोटं न्हाई, मुंडकं तोडीन,’’ आणि सगळे भोसरीकडं गेले. ड्रायव्हरनं मला उचलून मागच्या सीटवर टाकलं. फुटलेल्या काचेतून वारा खात आम्ही एक्सप्रेसवेला लागलो. मी थांब म्हणालो नाही. घरी किंवा पोलिसांत जाऊ, हेही म्हणालो नाही. माझ्या डोक्यात फक्त सहा वाजत होते.

विमानतळाच्या संडासात शर्ट बदलला. तपासणीवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघून काय झालं विचारलं. गाडी ठोकली म्हणालो. विमानात बसलो, उडालं. पहिल्यांदा उडत होतो, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर विमानाचं चित्र होतं आणि अजून किती किलोमीटर राहिले त्याचा आकडा. साडेसहा हजारांचे सहा हजार झाले, पाच हजार झाले. मी तेवढं बघत होतो. बाहेरचं ऊन काही केल्या संपत नव्हतं.

शेजारी निगडीचे एक निवृत्त गृहस्थ होते, जर्मनीतल्या लेकीकडं निघालेले. माझं तोंड बघून पहिले काही तास ते बोलले नाहीत. मग जेवण झाल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटे उलटे फिरवायला लागले.

‘‘उतरल्यावर विसरायला होतं, म्हणून मी आधीच करून ठेवतो,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याकडं आता साडेसात झाले ना, तिथं तीनच वाजलेत. जाताना साडेचार तास फुकट मिळतात बघा.’’

‘‘काय मिळतात?’’

‘‘साडेचार तास. त्यांचं घड्याळ मागं आहे की आपल्या.’’

मी त्यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे पिळलं. ‘‘परत सांगा,’’ म्हणालो. त्यांना वाटलं मी चोर आहे की वेडा आहे. ‘‘अहो सोडा, हाड मोडेल माझं,’’ म्हणून ते कळवळले तरी माझी बोटं सुटेनात. हवाई सुंदरी धावत आली, तिच्यामागं एक पुरुष आला, त्यांनी माझा हात सोडवला आणि त्या म्हाताऱ्या माणसाला दुसरीकडं बसवलं. त्यांच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. मी माफीसुद्धा मागितली नाही.

उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर मी गणित मांडलं. मुंबईहून साडेआठ. नऊ तास. आपले साडेपाच, त्यांचे रात्रीचा एक. पुढं अडीच तास गाडी, तासभर सामान सोडवायला. पहाटे साडेचारला गेटवर. मेलवरचे सहा त्यांच्या घड्याळातले होते, आमच्या भिंतीवरचे नव्हते. फोनवरच्या बाईनं मला हेच सांगितलं होतं आणि मी तिला बेरीज शिकवली होती. आम्हाला निघोज्यातून दुपारी अडीचला निघून चाललं असतं. अडीचपर्यंत नऊशे नग दोन्ही बटणांनी आरामात झाले असते. ऑपरेटर मध्ये चहा प्यायला असता, डबा खाल्ला असता, तापातल्या पोरीला फोन केला असता.

मी उठून विमानाच्या संडासात गेलो आणि आरशावर डोकं आपटलं. दोनदा, तीनदा. आरसा फुटत नाही तो. कपाळाची खोक उघडली आणि रक्त डोळ्यात आलं. बाहेरून दार वाजवत होते. मला त्या वेळी मरायचं होतं असं नाही, मला कुणीतरी मारायला हवं होतं. सकाळी निघोज्यात मारलं ते चुकीच्या हिशोबानं मारलं होतं. त्यांना पुरतं माहीत असतं तर मी विमानापर्यंत पोचलोच नसतो.

त्या कंपनीच्या गेटवर मी पोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात जेमतेम मध्यरात्र झाली होती. वॉचमननं बॅगांकडं बघितलं, सही घेतली आणि स्टोअर पाचला उघडतं हे घड्याळावर बोट ठेवून सांगितलं. मी बर्फात उभा राहून त्या बॅगांना लाथा घातल्या. तो बिचारा केबिनमधून बघत राहिला.

परत आलो. बोटं काही जोडता आली नव्हती, जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोलिसांत जबाब झाले, मशीनचा दोष म्हणून कागद रंगले. ऑपरेटर महिन्यानं कामावर आला. शेठनं त्याला गेटच्या केबिनमध्ये बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. डाव्या हातानं तो लहान मुलासारखी मोठाली अक्षरं काढायचा. साडेचार तासांचं मी कुणाला सांगितलं नाही, शेठलाही नाही. फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘सांगून बोटं येणार आहेत का त्यांची?’’ मला तेच ऐकायचं होतं. मी गप्प राहिलो.

गप्प राहिलो आणि पिसाळलो. त्या चार महिन्यांत मी चाकण चौकात एका टेम्पोवाल्याला कॉलर धरून खाली ओढलं. आमच्याच शेडमध्ये एकानं पाचर ठोकलेली दिसली तेव्हा त्याला इतकं बडवलं की तिघांनी मला मागं ओढलं. त्याचा ओठ फाटला. शेठनं मला केबिनमध्ये घेऊन झापलं. घरी भिंतीवर मूठ मारून मी स्वतःचं बोट मोडून घेतलं आणि प्लास्टर लावताना मला लाज वाटली.

सगळ्यात वाईट होतं ते गेट. ऑपरेटरचा माझ्यावर राग नव्हता. त्यानं मनाशी एक समजूत घालून घेतली होती आणि तिच्या आधारानं तो उभा होता. माल घेऊन आलेले ड्रायव्हर त्याचा हात बघून विचारायचे तेव्हा तो सांगायचा, ‘‘जर्मनीची कंपनी बंद पडत व्हती. येळच न्हवती. इमानानं नेला आपला माल.’’ मग मी दिसलो की हाक मारायचा. ‘‘साहेब, ह्यांना सांगा, किती किलोमीटर?’’

‘‘साडेसहा हजार.’’

‘‘आन् येळ?’’

‘‘नऊ तास.’’

‘‘बगा,’’ तो ड्रायव्हरला म्हणायचा, ‘‘येवढं लांब. मंग येळ कशी असंल?’’ त्याच्या आवाजात अभिमान असायचा. माझ्या जिभेवर यायचं, आणि मी गिळायचो. असं आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं.

चैत्रात निघोज्याची जत्रा आली. ऑपरेटर स्वतः शेडमध्ये येऊन मला जेवायला बोलावून गेला. जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. दुपारी गेलो. अंगणात मांडव होता, मटणाची पंगत उठत आली होती. मला आतल्या खोलीत बसवलं. समोर थोरला भाऊ, त्याच्या शेजारी ऑपरेटर, दारात ऑपरेटरची बायको भाकरीची टोपली घेऊन. थोरल्यानं माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाला, ‘‘साहेब, त्या दिशी आमी तुमच्यावं हात टाकला. रागाच्या भरात झालं. ह्यो मला रोज सांगतो, दादा, येळच न्हवती तं साहेब तरी काय करनार? चुकलं आमचं. माप करा.’’ आणि तो माणूस, माझ्या वडिलांच्या वयाकडं झुकलेला, पुढं वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला.

मी त्याचे हात धरले. ‘‘उठा,’’ म्हणालो. ‘‘वेळ होती.’’

कुणाला काही कळलं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांचं घड्याळ मागं असतं ते, फोनवरची बाई काय म्हणाली ते, मी तिला काय बोललो ते, दुसरं विमान, दुपारचे अडीच. सांगताना माझा आवाज चढत गेला, जणू मीच कुणालातरी झापत होतो. थांबलो तेव्हा बाहेर पंगतीत कुणीतरी रस्सा मागत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

‘‘म्हंजी किती येळ व्हती?’’ ऑपरेटरनं विचारलं.

‘‘साडेचार तास.’’

‘‘दोन हातानं झालं असतं?’’

‘‘झालं असतं.’’

‘‘कवा कळलं तुमास्नी?’’

‘‘त्याच दिवशी. विमानात.’’

‘‘चार म्हैने,’’ तो म्हणाला. ‘‘गेटवं मी तुलाच इचारत व्हतो, आन् तू मला किलोमीटर सांगत व्हतास.’’

त्यानं मला पहिल्यांदाच तू म्हटलं. त्याच्या बायकोच्या हातातली टोपली खाली गेली. थोरल्यानं माझी मान पकडली आणि भिंतीवर दाबली. मला बरं वाटलं. आता नीट मारतील, असं वाटलं.

‘‘दादा, सोड त्याला,’’ ऑपरेटर उठला. ‘‘तू हात लावू नगंस. ह्येला मी मारनार.’’

थोरला बाजूला झाला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, हात खाली. ऑपरेटरनं डावा हात उचलला आणि माझ्या तोंडात मारली. लागली नाही. नेम चुकून ती हनुवटीवरून निसटली. त्यानं परत मारली. तीही लागली नाही. त्याला ते समजलं. तिसरी मारताना तो जोर लावून स्वतःच तोल जाऊन माझ्या अंगावर आला, आणि मी त्याला पडू नये म्हणून सावरलं. त्यानं मला झिडकारलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी गाल आणखी पुढं केला. मग तो इतका चवताळला की त्याला भान राहिलं नाही, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यानं उजवा हात उचलला.